गावातील निवासी शिबिर : सात दिवसांतून शिकून कसे यावे

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या वर्षांत एकदा तरी सात दिवसांच्या विशेष शिबिरासाठी खेड्यात राहण्याची संधी मिळते. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि त्याखेरीज दत्तक गावात एक निवासी शिबिर, हा तिचा साचा आजही बहुतांशी तसाच आहे. शिबिरामुळे विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो, हे वाक्य प्रत्येक शिबिराच्या अहवालात असते. तो नेमका कशामुळे होतो, हे मात्र सहसा नसते. विद्यार्थ्यांबरोबर अशा शिबिरांत राहून माझे मत असे बनले आहे की, विद्यार्थी घडतो तो दोन प्रसंगी. गावाविषयीचा त्याचा ठाम अंदाज त्याच्या डोळ्यांदेखत चुकीचा ठरतो तेव्हा, आणि शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाच्या हाताखाली एखादे काम नीट करायला तो शिकतो तेव्हा. हे दोन्ही प्रसंग आपोआप येत नाहीत. प्रभातफेरी, श्रमदान, व्याख्यान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि समारोप या ठरलेल्या वेळापत्रकातून सात दिवस सहज निसटून जातात आणि विद्यार्थी होता तसाच परत येतो. म्हणून पुढील सूचना.

गाव आणि वेळ

गाव निवडणे हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. ते कार्यक्रम अधिकारी आणि ग्रामपंचायत यांच्यात ठरते. तरीही नियोजनाच्या बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधी बसत असतील, तर त्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा : आपण जाणार त्या आठवड्यात गाव कोणत्या कामात असते? पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या की डिसेंबर-जानेवारीत शिबिरे भरतात. तेव्हा तुरीची काढणी चाललेली असते, गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे असते, कापसाच्या पट्ट्यात शेवटच्या वेचण्या उरलेल्या असतात आणि ज्वारी हुरड्यात येत असल्याने पाखरांची राखण करावी लागते. दुपारी दोन वाजता ‘महिला मेळावा’ ठेवला आणि कोणी आले नाही, याचे खापर गावाच्या उदासीनतेवर फोडले जाते. बायका त्या वेळी रानात असतात, हे कोणी विचारलेलेच नसते.

बीड जिल्ह्यात आणि मराठवाड्याच्या इतर काही भागांत याच महिन्यांत अनेक घरांना कुलूप दिसते. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, एवढे जरी आधी माहीत असले, तरी कुलूपबंद घरापुढे उभे राहून ‘इथले लोक शहरात गेले वाटते’ असे कोणी म्हणणार नाही. अशा गावात शिबिर घेऊच नये असे मी म्हणत नाही. उलट, गाव वर्षाचे निम्मे दिवस कशावर चालते हे समजून घ्यायला तोच काळ योग्य. मात्र मग तरुणांच्या उपस्थितीवर बेतलेले कार्यक्रम आखू नयेत.

प्रसिद्ध गावाविषयी एक सावधगिरी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. ती पाहायला महाराष्ट्रभरातून बस भरून विद्यार्थी जातात, आणि जावेच. पण ती भेट झाली. तिथे सांगणारे तयार असतात, ऐकणाऱ्याला शोधावे काही लागत नाही. सात दिवस राहण्यासाठी ज्या गावाची कोठेही बातमी आलेली नाही, असे गाव अधिक शिकवते.

अंदाजांची वही

निघण्याच्या आठवडाभर आधी एक दोनशे पानी वही घ्यावी. डाव्या पानावर त्या गावाविषयीचे आपले अंदाज लिहावेत आणि उजवे पान कोरे ठेवावे. अट एकच, की अंदाज असा लिहायचा की तो खोटा ठरू शकेल. ‘खेड्यातील लोक साधे असतात’ हा अंदाज नव्हे. त्याची तपासणी करता येत नाही. ‘गावातल्या बहुतेक कुटुंबांचे मुख्य उत्पन्न शेतीचे आहे’ हा अंदाज आहे. ‘बारावीच्या पुढे शिकणाऱ्या मुली पाचाहून कमी असतील’, ‘पिण्याचे पाणी बायका अर्ध्या किलोमीटरवरून आणतात’, ‘सरपंच हे गावातले सर्वांत मोठे शेतकरी असतील’, ‘आपल्या शिबिरामुळे गावाला आनंद होईल’ हेही अंदाजच. शेवटचा तर प्रत्येकाने लिहावाच. प्रत्येक अंदाजापुढे आपण तो कशावरून केला, हेही एका ओळीत लिहावे : चित्रपटातून, आजोळच्या आठवणीतून, वर्तमानपत्रातून की नुसतेच. या ओळीची उपयुक्तता परतल्यावर कळते.

ज्यांचे आईवडील अजून गावीच राहतात, त्या विद्यार्थ्यांना ही वही अनावश्यक वाटते आणि त्यांनाच ती सर्वाधिक हवी असते. सांगलीच्या बागायती पट्ट्यात वाढलेल्या मुलाला नंदुरबारच्या पाड्यावर आपल्या गावावरून बांधलेले अंदाज लागू पडत नाहीत, आणि ‘मला खेडे माहीत आहे’ ही समजूत शहरी अज्ञानापेक्षा जास्त चिवट असते.

वहीबरोबर थोडी कागदोपत्री माहितीही जमवावी. जनगणनेच्या आकडेवारीतून गावाची लोकसंख्या आणि साक्षरता मिळते. सातबारा म्हणजे काय, गावठाण आणि शिवार यांत फरक काय, ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, या गोष्टी ज्येष्ठांकडून समजून घ्याव्यात. ग्रामसेवक या पदाचे नाव २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले असले, तरी गावात अजून जुनीच नावे चालतात, तेव्हा दोन्ही माहीत असलेली बरी.

सोबत काय घ्यावे

यावर फार लिहिण्यासारखे नाही. जाड तळव्याचे बूट, डोक्याला बांधायला उपरणे किंवा स्कार्फ, पूर्ण बाह्यांचे जुने सदरे, सतरंजी, जाड चादर, ताट-वाटी-पेला, पाण्याची बाटली, विजेरी आणि स्वतःची नेहमीची औषधे पुरेशी होतात. डिसेंबरात शाळेच्या फरशीवरची थंडी अंगात शिरते, म्हणून अंथरूण पांघरुणाइतकेच जाड हवे. रात्री बाहेर जाताना विजेरी आणि बूट दोन्ही असावेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी जाती महाराष्ट्रात आढळतात. सर्वांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन आहे का, नसल्यास ते कोणत्या ग्रामीण रुग्णालयात मिळते, हे शिबिरप्रमुखांनी पहिल्याच दिवशी विचारून १०८ क्रमांकासह भिंतीवर लिहून ठेवावे.

मुलींच्या निवासाजवळ वापरण्याजोगे स्वच्छतागृह, त्यात पाणी आणि आतून कडी आहे की नाही, याची खात्री आगाऊ पाहणीतच झाली पाहिजे. शाळेचे स्वच्छतागृह असते, पण त्याला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नसते, असा प्रकार सर्रास आढळतो. वापरलेल्या पॅडची विल्हेवाट कशी लावायची, हेही आधीच ठरवावे आणि ते मुलामुलींच्या एकत्र बैठकीत, न संकोचता, सांगावे.

पहिले दोन दिवस : फिरणे

उद्घाटनाच्या कार्यक्रमात मान्यवरांची भाषणे होतात, त्यात फार वेळ घालवू नये. मात्र सरपंच महिला असल्यास त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलण्याची वेळ मागून घ्यावी. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा राखीव आहेत, तरी व्यासपीठावर सरपंचताईंच्या वतीने त्यांचे पतीच बोलतात, असे दृश्य दुर्मिळ नाही. दोन-तीन विद्यार्थिनींनी संध्याकाळी त्यांच्या घरी जावे. ओट्यावर बसून त्या जे सांगतात, ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ऐकायला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवारफेरी काढावी. पंधरा जणांचा एक, असे गट करावेत आणि प्रत्येक गटाबरोबर गावातील एक जाणती व्यक्ती असावी. फेरीची सुरुवात चावडीपासून किंवा मंदिरापासून करू नये. गावाच्या सर्वांत लांबच्या वस्तीपासून सुरुवात करून मध्याकडे यावे, म्हणजे रस्ता कोठे डांबरी होतो, नळ कोठपासून लागतो, दिव्याचे खांब कोठपासून दिसू लागतात आणि गटार कोठे वाहते, हे आपोआप नोंदले जाते. वस्त्या कोणत्या क्रमाने आहेत, हेही पाहावे. कोणत्या जातीची घरे कोठे, हा प्रश्न विद्यार्थी टाळतात, कारण तो विचारणे त्यांना असभ्य वाटते. थेट विचारणे असभ्य आहेच, पण न पाहणे हे त्याहून वाईट. जातींच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला. आपल्या गावात कोणते नाव पाटीवर आहे आणि कोणते तोंडी आहे, एवढे जरी टिपले, तरी सामाजिक व्यवहाराबद्दल बरेच कळते. गावात पिण्याच्या पाण्याचे किती स्रोत आहेत आणि कोणत्या वस्तीतले लोक कोठे भरतात, ही नोंदही त्याच नकाशावर करावी.

फेरीनंतर शाळेच्या पटांगणात रांगोळीने किंवा चुन्याने गावाचा नकाशा काढावा आणि तो गावकऱ्यांनाच काढू द्यावा. विद्यार्थ्यांनी रांगोळीचा डबा धरून बाजूला उभे राहायचे. एकाने ओढा काढला की दुसरा त्याला वळण चुकल्याचे सांगतो, तिसरी बाई बुजलेली विहीर दाखवते, कोणी तरी जुन्या पाणंदीवर अतिक्रमण झाल्याचे बोलून जातो आणि लगेच गप्प होतो. त्या गप्प होण्याचीही नोंद वहीत करावी, पण त्यावरून त्या जागी प्रश्न विचारू नये. भांडण आपण गेल्यावर गावातच राहणार असते.

बोलणे

घरोघरी सर्वेक्षणाचा छापील तक्ता घेऊन जाण्याची प्रथा आहे. तक्त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ‘तुमच्या समस्या कोणत्या?’ या प्रश्नाला. हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले येते : रस्ता, लाइट, पाणी. गावाने हे उत्तर निवडणुकीत आलेल्यांना, अधिकाऱ्यांना आणि आधीच्या शिबिरार्थ्यांना इतक्या वेळा दिलेले असते, की ते देताना माणसे विचारही करत नाहीत.

त्याऐवजी कालच्या दिवसाविषयी विचारावे. ‘मावशी, काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ असे एका विद्यार्थिनीने तूर पाखडत बसलेल्या बाईंना विचारले, तेव्हा मी शेजारीच होतो. सूप चालूच होते. ‘काय करायचं बाई, रोजचंच की,’ म्हणून त्या हसल्या आणि मग बोलत राहिल्या. चारला उठणे, चूल, धार काढणे, सहाच्या सुमारास नळाला येणारे पाणी, ते दोन दिवस पुरवण्यासाठी भरून ठेवायची भांडी, सात वाजताची दूध संकलनाची गाडी, मग रान. मालक घरात झोपलेले कसे, असे मुलीने विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘रात्री दारं धरायला गेल्ते. या आठवड्यात लाइट रात्रीची हाय.’ त्या मुलीच्या वहीत डाव्या पानावर ‘पुरुष दुपारी कट्ट्यावर बसतात, कामे बायका करतात’ असा अंदाज होता. कृषिपंपांना तीन फेजचा वीजपुरवठा पाळीपाळीने होतो आणि रात्रीची पाळी आली की कडाक्याच्या थंडीत वाफ्यांना पाणी देत जागावे लागते, हे तिला त्या सुपाशेजारी बसून कळले. तिचा अंदाज पूर्ण खोटा ठरला असे नाही, कारण त्या बाईंचा दिवस खरोखरच जास्त लांब होता. पण दुपारी झोपलेल्या पुरुषाकडे पाहण्याची तिची दृष्टी बदलली.

बोलताना काही पथ्ये पाळावीत. उत्पन्न किती, कर्ज किती, दारू कोण पितो, हे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत; काही घरांत ते कोणत्याच भेटीत नकोत. ज्या घरात आत्महत्या झाली आहे, तिथे ‘अभ्यासासाठी’ जाऊ नये. छायाचित्र विचारून काढावे, आणि मूल एकटे असेल तर अजिबात काढू नये. समोरच्या माणसाच्या बोलीची नक्कल करू नये. आपली प्रमाण मराठी त्यांना नीट कळते. म्हाताऱ्या माणसांना काका-आजी, बरोबरीच्यांना दादा-ताई म्हणावे, पण वयाने मोठ्या माणसाला, मग तो मजूर असला तरी, एकेरीत हाक मारू नये. हे सांगावे लागू नये, तरी दरवर्षी सांगावे लागते. आशा सेविका आणि अंगणवाडी ताई यांच्याकडे गावाची जेवढी माहिती असते, तेवढी क्वचितच इतर कोणाकडे असते. त्यांना एक पूर्ण दुपार द्यावी आणि त्यांच्या नोंदवहीतले कोणाचेही वैयक्तिक तपशील मागू नयेत.

श्रमदान

बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती मे महिन्याच्या उन्हात भरते. त्यामानाने हिवाळी शिबिरातले श्रम सोपे. तरीही अनेक शिबिरांत श्रमदान म्हणजे गावाचा एक रस्ता झाडणे आणि झाडूसह छायाचित्र काढणे, एवढ्यावर आटोपते. गाव रोज झाडतेच. काम असे निवडावे, की जे शेवटच्या दिवशी पूर्ण झालेले दिसेल, गावाला ज्याचा उपयोग आहे आणि जे शिकवणारा माणूस गावातच आहे.

वनराई बंधारा या तिन्ही कसोट्यांना उतरतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पावसाळा संपल्यावर लहान ओढ्यातून बारीक धार वाहत असते. ती सिमेंट किंवा खतांच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून अडवतात. अडलेले पाणी गुरांना, धुण्याला आणि जवळच्या विहिरींना उपयोगी पडते. धार आटण्यापूर्वी हे काम व्हायला हवे, त्यामुळे कोरडवाहू भागात शिबिर जानेवारीत असेल तर बंधाऱ्याचा नाद सोडावा. तिथे डोंगरउतारावर समतल चर खणणे बरे. रिकामी पोती आधी गोळा करायला सांगावे, कारण ऐनवेळी मिळत नाहीत. फावडी, कुदळी, पहार, घमेली ही हत्यारे गावातून मिळतात, पण दाभण आणि सुतळी मात्र सोबत न्यावी. पोत्यांची तोंडे शिवायला ती लागतात आणि नेमकी तीच विसरतात.

ओढ्याचा तळ आधी साफ करून दगड-गोटे आणि गाळ बाजूला काढावा लागतो, नाही तर पाणी बंधाऱ्याखालून पळते. माती काठ उकरून घेऊ नये. आणि पोते गच्च भरू नये. एका शिबिरात मुलांनी ताकद दाखवण्याच्या ईर्षेने पोती ठासून भरली होती. काठावर बिडी ओढत बसलेले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. शेवटी उठले, एका पोत्याला पायाने हलवून म्हणाले, ‘लोडासारखं गोल झालंय हे. बसायचं नाही. थोडं रितं ठेवा, म्हंजी अंग टाकतं.’ मग त्यांनी पाऊण भरलेले पोते आडवे टाकून पायाने चेपून दाखवले, त्यावरचे पोते खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर आणले आणि मधल्या फटीत चिकणमाती थापली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांना विटांच्या बांधकामातली सांधेमोड पुस्तकातून माहीत होती. ती पोत्यांना लागू करावी, हे सुचले नव्हते. उरलेले दिवस आजोबा मुकादम झाले आणि मुले त्यांच्या हाताखाली.

हे घडावे म्हणून कामाची सूत्रे प्रथमपासूनच गावातल्या जाणत्या माणसाकडे द्यावीत आणि विद्यार्थी गटप्रमुखाने त्याच्याकडून सूचना घ्याव्यात. वर्गात पहिला येणारा मुलगा इथे घमेल्याच्या साखळीत मधेच कोठे तरी उभा असतो. त्याच्या हातांना फोड येतात, त्याचा वेग कमी पडतो आणि शेजारची, एरवी न बोलणारी, शेतकऱ्याची मुलगी डोक्यावर चुंबळ ठेवून त्याच्या दुप्पट माती वाहते. या उलथापालथीवर कोणी भाषण देऊ नये. ती ज्याची त्याला कळते. मात्र शिबिरप्रमुखाने एवढे पाहावे, की मुलांना खणणे आणि मुलींना स्वयंपाक अशी वाटणी होता कामा नये. स्वयंपाक, भांडी आणि पाणी यांच्या पाळ्या सर्वांना सारख्याच लावाव्यात.

वनराई बंधाऱ्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. उन्हाने पोती विरतात आणि पुढच्या पावसात त्यांच्या प्लास्टिकच्या चिंध्या ओढ्याभर पसरतात. म्हणून मे महिन्यात ती पोती कोण काढणार, हे बंधारा बांधतानाच ठरवावे आणि शक्य असल्यास चार-पाच विद्यार्थ्यांनी त्यासाठी परत जावे.

जेवण आणि देणे-घेणे

शिबिराचा शिधा शिबिराचाच असावा. गावातून जेवणाचे आमंत्रण आले तर दोघा-तिघांनी जावे, घोळक्याने नव्हे. आणि ज्या घरात हातावरचे पोट आहे, तिथे भाकरी-पिठल्याखेरीज काही करू नका, असे आधीच सांगावे. ताटात टाकू नये. आमंत्रण ज्या वस्तीतून येईल तिथे जावे, आणि केवळ एकाच आळीतली आमंत्रणे येत आहेत असे दिसले, तर ती नम्रपणे थांबवावीत. जुने कपडे, वह्या, खाऊ असे वाटप करू नये. देणारे आणि घेणारे अशी रांग एकदा लागली, की त्यानंतर सरळ बोलणे होत नाही.

रात्रीची बैठक

सांस्कृतिक कार्यक्रमात व्यसनमुक्तीचे पथनाट्य बसवण्याची मुलांना हौस असते. विशीतल्या मुलांनी पन्नाशीतल्या माणसांना दारूचे दुष्परिणाम सांगावेत, हे मला कधीच रुचले नाही. गावात भजनी मंडळ असते, लेझीम असते, गोंधळ किंवा वासुदेव जाणणारे कोणी असते. निम्मा वेळ त्यांना द्यावा आणि विद्यार्थ्यांनी प्रेक्षक व्हावे.

कार्यक्रमानंतर, झोपण्यापूर्वी, फक्त शिबिरार्थ्यांची तासाभराची बैठक घ्यावी आणि तीत वही उघडावी. प्रत्येकाने दिवसभरात तपासला गेलेला एकच अंदाज वाचावा आणि उजव्या पानावर काय लिहिले ते सांगावे. ऐकणाऱ्यांनी एवढेच विचारायचे, की हे तुला कोणी सांगितले, आणखी कोणाला विचारलेस का? ‘गावात पाण्याची टंचाई नाही’ असे एका गटाने सांगितले आणि दुसऱ्याने ‘भीषण टंचाई आहे’ असे सांगितले, तर दोघे कोणत्या वस्तीत फिरले ते नकाशावर दाखवायला सांगावे. बहुधा दोघेही बरोबर असतात. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत मुले आपण होऊन दुसऱ्या माणसाला विचारू लागतात. एका ऐकिवावर विसंबण्याची सवय मोडणे, हा माझ्या मते या सात दिवसांचा सर्वांत मोलाचा लाभ आहे.

शिबिरातले निर्णय कसे घ्यावेत, यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण मुलांपुढे ठेवण्यासारखे आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तिथे गावकरी आणि बाहेरचे अभ्यासू मिळून अभ्यासगटात विषय समजून घेतात आणि ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय करते. शिबिरात भांडी कोणी घासायची, यावर तरी ही पद्धत एकदा वापरून पाहावी. हात वर करून पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न पाऊण तास चालतो, चिडचिड होते, आणि ज्याला आजवर कोणी विचारले नव्हते तो मुलगा बोलू लागतो.

परतल्यावर

समारोपाच्या भाषणात ‘आम्ही पुन्हा नक्की येऊ’ असे म्हणू नये. येणार असल्यास तारीख सांगावी. ग्रामसभेसाठी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस प्रचलित आहेत. जानेवारीच्या आरंभी शिबिर संपले असेल तर तीन आठवड्यांत पहिली संधी येते. शिवारफेरीचा नकाशा स्वच्छ काढून, पाण्याच्या स्रोतांच्या नोंदींसह, त्या सभेत ग्रामपंचायतीला द्यावा. गावाची जमवलेली माहिती महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहते आणि गावाला तिची प्रत मिळत नाही, ही तक्रार मी एकाहून अधिक गावांत ऐकली आहे. ज्यांची छायाचित्रे काढली, त्यांना ती छापून पोचवावीत; भ्रमणध्वनीवर पाठवली तर म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचत नाहीत.

घरी आल्यावर पंधरा दिवस थांबावे आणि मग वही पुन्हा वाचावी. जे अंदाज चुकले, त्यांच्यापुढे लिहिलेली ‘कशावरून’ ही ओळ पाहावी. बहुतेक चुकलेले अंदाज एकाच ठिकाणाहून आलेले आढळतात. कोणाचे चित्रपटातून, कोणाचे घरातल्या गप्पांतून. त्याच ठिकाणाहून आपण आणखी काय काय खरे मानून बसलो आहोत, याची यादी करून शेवटच्या पानावर लिहावी. जे अंदाज तपासायचे राहून गेले, त्यांची वेगळी यादी पुढच्या वर्षी त्याच गावात जाणाऱ्या तुकडीच्या गटप्रमुखाकडे द्यावी, म्हणजे त्यांना पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.